1600 मीटर आणि 245.50 मीटर: भंडाऱ्यात वैनगंगेच्या काठाने धावायची वाट हवी, पण कशी?

भंडारा शहरातून कारधाकडे निघालं की मोठ्या पुलावरून वैनगंगेचं रुंद पात्र दिसतं. पावसाळा संपला की गोसीखुर्द धरणाचं मागे तुंबलेलं पाणी इथपर्यंत पसरतं आणि नदी नदीपेक्षा तलावासारखी वाटू लागते. हिवाळ्यात सकाळी पाण्यावर धुकं असतं, पलीकडचा काठ दिसत नाही. फोटो काढायला ही जागा झकास आहे. धावायला?

प्रश्न हौसेचा नाही. जिल्ह्यात पहाटे धावणाऱ्यांमध्ये दोन गट आहेत. एक, डॉक्टरांनी साखर किंवा रक्तदाब सांगितल्यावर बूट विकत घेतलेले. दुसरा, पोलीस, सैन्य, निमलष्करी दलं आणि वनरक्षक भरतीची तयारी करणारी मुलं-मुली. पहिल्या गटाला वाट सुंदर असली की पुरते. दुसऱ्या गटाला ती अखंड, मोजलेली आणि वाहनांपासून सुरक्षित लागते, कारण त्यांच्यासाठी दोन-तीन सेकंदांचा प्रश्न नोकरीचा असतो.

म्हणून नदीकाठच्या वाटेचा विचार ‘सुशोभीकरण’ या शब्दापासून सुरू केला की तो बहुतेक वेळा पेव्हर ब्लॉक, कारंजं आणि सेल्फी पॉइंटवर जाऊन थांबतो. तो दोन आकड्यांपासून सुरू करून पाहू.

पहिला आकडा: 1600

महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी 50 गुणांची असते. पुरुषांसाठी 1600 मीटर धावणे 20 गुण, 100 मीटर 15 आणि गोळाफेक 15. महिलांसाठी 1600 ऐवजी 800 मीटर, बाकी गुणविभागणी तीच.

1600 मीटर 5 मिनिटं 10 सेकंदांत किंवा त्याआधी संपवलं तर पूर्ण 20 गुण. त्यानंतरच्या 20 सेकंदांच्या टप्प्यात 18, पुढच्या टप्प्यात 16, असे गुण घसरत जातात. मुलींसाठी 800 मीटरला पूर्ण गुणांची वेळ 2 मिनिटं 50 सेकंद आहे.

हिशेब करून पाहा. 5:10 म्हणजे 310 सेकंद. दर 100 मीटरला 19.4 सेकंद, ताशी साडेअठरा किलोमीटरहून अधिक वेग, तोही सलग पाच मिनिटं. सायकलवरून आरामात जाणारा माणूस मागे पडतो. हा वेग कमवायचा तर नुसतं ‘रोज पळा’ म्हणून चालत नाही. ठरलेलं अंतर, ठरलेला वेळ, पुन्हा तेच अंतर, असा सराव लागतो.

इथेच वाटेची लांबी महत्त्वाची ठरते. समजा मोकळा तुकडा फक्त 200 मीटरचा मिळाला. मग 1600 मीटरसाठी आठ फेऱ्या आणि सात वेळा पूर्ण उलटं वळण. प्रत्येक वळणावर वेग तोडायचा आणि पुन्हा पकडायचा. वळणाला एकच सेकंद धरला तरी सात सेकंद गेले, आणि गुडघ्यावरचा ताण वेगळाच. तुकडा 800 मीटरचा असेल तर मुलींची चाचणी सरळ एका दमात होते आणि मुलांना एकदाच वळावं लागतं. 1600 मीटरचा असेल तर प्रश्नच मिटला.

शहरात शिवाजी स्टेडियम आहे. पण सगळ्या जिल्ह्यातली मुलं रोज पहाटे तिथे येऊ शकत नाहीत. पवनी, मोहाडी, तुमसर, लाखांदूरकडच्या गावांतल्या मुलांसाठी मैदान म्हणजे बहुतेक वेळा रस्ताच.

रस्त्यावर धावलं तर काय बिघडतं?

सर्वांत मोठं कारण उघड आहे. भंडारा हे मुंबई–कोलकाता राष्ट्रीय महामार्गावरचं शहर. नागपूरहून रायपूरकडे जाणारे ट्रक रात्रभर धावतात आणि पहाटे, चालकाचे डोळे जड झालेले असतात नेमकं तेव्हा, मुलं रस्त्यावर उतरतात.

ताशी 60 किलोमीटरने येणारं वाहन सेकंदाला जवळपास 17 मीटर कापतं. चालकाने पाहिलं, मेंदूने ओळखलं आणि पाय ब्रेकवर गेला, यात दोन ते अडीच सेकंद जातात. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच वाहन 35 ते 40 मीटर पुढे आलेलं असतं. थांबायला लागणारं अंतर त्यानंतरचं. डिपर लाइटमध्ये गडद ट्रॅकसूट घातलेला मुलगा तेवढ्या अंतरावरून दिसेलच, याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

दुसरं कारण कमी बोललं जातं. डांबरी रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो, पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून. रोज एकाच कडेने धावलं की एक पाय कायम किंचित खाली पडतो. घोटा, गुडघ्याची बाहेरची बाजू आणि कंबर कुरकुरायला लागते. ‘डांबर कडक म्हणून पाय दुखतात’ असं सरसकट म्हटलं जातं, पण शरीर कडक जमिनीशी बऱ्यापैकी जुळवून घेतं. एकतर्फी उतार आणि अचानक वाढवलेलं अंतर हे जास्त त्रासदायक.

नदीकाठ या दोन्हींवर उपाय ठरू शकतो. एका बाजूला पाणी असल्याने त्या बाजूने वाहन येत नाही, चौक लागत नाहीत, सलग अंतर मिळतं. जगभरातल्या शहरांत धावणारे नदीकाठ शोधतात ते निव्वळ देखाव्यासाठी नव्हे, तर सिग्नल नसलेल्या लांब वाटेसाठी.

दुसरा आकडा: 245.50

मग काठाने वाट करायला अडचण काय? अडचण पाण्याच्या उंचीची आहे.

गोसीखुर्द म्हणजे इंदिरासागर प्रकल्पाची पायाभरणी 22 एप्रिल 1988 रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. 2009 मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. पवनी तालुक्यातल्या या 33 दरवाजांच्या धरणाची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून 245.50 मीटर आहे. आणि भंडाऱ्याजवळ कारधा पुलावर वैनगंगेची धोका पातळी? तीही 245.50 मीटर.

दोन्ही आकडे एकच असणं हे इथल्या काठाचं वैशिष्ट्य. इतर गावांत पूर येतो आणि दोन दिवसांत ओसरतो, मग काठ पुन्हा आपला. इथे काठ वर्षभर सरकत राहतो. पावसाळ्यात धरणातली पातळी नियोजन करून खाली ठेवली जाते, पाऊस सरत आला की साठा वाढवत नेतात, उन्हाळ्यात पाणी उतरतं आणि गाळाचा पट्टा उघडा पडतो.

पातळीत मीटरभर फरक म्हणजे फार नाही, असं वाटू शकतं. पण काठ सपाट असेल, समजा 50 मीटर चालल्यावर जमीन एक मीटरने चढत असेल, तर पाणी एक मीटर वाढल्यावर कडा 50 मीटर आत येते. म्हणजे ‘पाण्याला लागून’ वाट करायची ठरवली तर आधी विचारावं लागेल: कोणत्या महिन्यातल्या पाण्याला लागून?

वर पुराचा भाग वेगळाच. वैनगंगा उगम पावते मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यात. तिकडे संजय सरोवरातून, इकडे पेंच आणि बावनथडीच्या धरणांतून पाणी सोडलं की जिल्ह्यात ऊन पडलेलं असतानाही नदी वाढू शकते. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस आलेल्या पुरात भंडारा शहराच्या सखल वस्त्या आणि काठची अनेक गावं पाण्यात गेली. ऑगस्ट 2022 मध्ये पुन्हा पूर. कारध्याचा जुना लहान पूल पाण्याखाली जाणं ही तर भंडाऱ्याची पावसाळी बातमी ठरलेली.

हेही विसरून चालणार नाही की या पसरलेल्या पाण्याखाली अनेकांची घरं आणि धानाची शेतं गेली आहेत. पर्यटक ज्याला विस्तीर्ण जलाशय म्हणतो, त्यात कुणाला आपल्या गावाची जागा अजून बोटाने दाखवता येते.

बाकीच्या शहरांत काय झालं?

पुण्यात नदीपात्रातला रस्ता आणि बाबा भिडे पूल खडकवासल्यातून विसर्ग वाढला की बंद होतो. पुणेकरांनी त्याची सवय करून घेतली आहे. नाशिकमध्ये गोदावरीच्या काठी गोदापार्क झाला, फिरणारे-धावणारे तिथे रमले, पण ऑगस्ट 2016 च्या पुराने त्याची मोडतोड केली. अहमदाबादच्या साबरमती रिव्हरफ्रंटवर दोन पातळ्यांचे पदपथ आहेत, एक पाण्यालगत खाली आणि एक शहराच्या पातळीवर वर. धरोई धरणातून जास्त पाणी सुटलं की खालचा बंद करतात.

तिन्ही ठिकाणी धडा सारखाच निघतो. नदीलगतची वाट कधी ना कधी बुडणारच. प्रश्न एवढाच की बुडाल्यावर दुरुस्तीला किती पैसे आणि किती दिवस लागतील. साबरमतीसारख्या काँक्रीटच्या भिंती भंडाऱ्याला परवडणाऱ्या नाहीत, आणि त्यांची गरजही दिसत नाही. 2011 च्या जनगणनेत एक लाखाच्या आत लोकसंख्या असलेलं हे शहर आहे.

पूररेषेत बांधकामाला बंदी, मग वाट चालते का?

राज्यात नदीला दोन रेषा आखतात. सरासरी 25 वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची ती निळी रेषा, 100 वर्षांतून एकदाच्या पुराची ती लाल. नदी ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा. तिथे बांधकाम नको, पण उद्यान, खेळाचं मैदान असे मोकळे उपयोग चालतात. निळी ते लाल हा नियंत्रित पट्टा.

म्हणजे धावायच्या वाटेला नियमाची मुळातली हरकत नाही. हरकत आहे ती भराव टाकून जमीन उंच करायला, भिंती घालायला, स्टॉल उभारायला. ती योग्यच आहे. पाण्याची जागा अडवली की पाणी दुसऱ्याच्या अंगणात जातं.

आता दोन पर्यायांचा ढोबळ हिशेब. समजा 1600 मीटर लांब आणि 3 मीटर रुंद वाट हवी.

ती दीड मीटर उंच भरावावर करायची, दोन्ही बाजूंना एकास दोन उतार द्यायचा, तर दर मीटर लांबीला 9 घनमीटर माती लागते. एकूण 14,400 घनमीटर. टिपरमध्ये 10 घनमीटर मावते असं धरलं तर 1,440 खेपा. शिवाय भरावामागे शहराच्या बाजूचं पाणी अडू नये म्हणून जागोजागी मोऱ्या, आणि पूररेषेच्या परवानगीचा प्रश्न उरतोच.

तीच वाट जमिनीच्या पातळीवर ठेवून 15 सेंटिमीटर जाडीचा मुरूम टाकून रोलर फिरवला, तर 720 घनमीटर. म्हणजे 72 खेपा. वीसपट फरक!

मुरमाची वाट पुरात बुडेल, वर गाळ बसेल, काही भाग वाहून जाईल. जाऊ द्यावा. दसऱ्याच्या सुमारास गाळ खरवडून पुन्हा मुरूम-रोलर करायचा, हा वार्षिक खर्च धरूनच चालायचं. शेतकरी धुरा दरवर्षी नीट करतोच ना? पेव्हर ब्लॉकची गोष्ट उलटी असते. एकदा उखडले की उद्घाटनाची पाटी शाबूत राहते आणि वाट खड्ड्यात जाते. ओल्या ब्लॉकवर शेवाळ धरलं की धावणं तर सोडाच, चालणंही अवघड.

अर्थात मुरमाची वाट कुठूनही काढून चालणार नाही. हिवाळ्यात जलाशय भरलेला असताना पाणी जिथवर येतं, त्याच्या आत ती टाकली तर सरावाच्या ऐन महिन्यांत ती पाण्याखाली असेल. 245.50 च्या वर आणि निळ्या रेषेच्या आत जो पट्टा उरतो, तोच कामाचा. तो कुठे किती रुंद आहे आणि कोणाच्या मालकीचा आहे, हे मोजणीच्या कागदावर आधी उतरवायला हवं. डिझाइन त्यानंतर.

पावसाळ्यात काय? उत्तर जिल्ह्यात आधीच आहे

भरतीचं वेळापत्रक पावसाळा बघून ठरत नाही. पोलीस भरतीच्या मैदानी चाचण्या एकदा 2 जानेवारी 2023 पासून झाल्या, पुढच्या वेळी 19 जून 2024 पासून, ऐन पावसाच्या तोंडावर. त्यामुळे ‘चार महिने वाट बंद’ एवढं सांगून भागत नाही.

भंडारा हा तलावांचा जिल्हा. गोंड राजवटीच्या काळापासून इथे कोहळी समाजाने तलाव बांधले, पुढे ते मालगुजारी तलाव म्हणून ओळखले गेले. या तलावांची पाळ म्हणजे मातीचा, पाण्यापेक्षा उंच ठेवलेला, माथ्यावर चालता येईल असा बांध. नदीकाठासाठी जे उंच वाटेचं स्वप्न पाहिलं जातं, ते गावोगावी आधीच बांधून ठेवलेलं आहे. गावातली मुलं पाळीवर आणि नहराच्या काठाने धावतातही.

पाळीवर धावण्याने धरणाला धोका नाही, पायाने माती दबते इतकंच. धोका आहे तो ट्रॅक्टर चढवण्याचा आणि माती काढून नेण्याचा. पाळीवरचं काटेरी झुडूप साफ ठेवलं, सांडव्याजवळ वाट तुटते तिथे सूचना लावली आणि अंतराच्या खुणा केल्या तर चार महिन्यांची सोय होते. खुणांना खर्च तो किती? मोजपट्टी आणि पेंटचा एक डबा. मोबाइलमधलं जीपीएस झाडांखाली आणि वळणांवर चुकतं, 1600 मीटरला काही दहा मीटरचा फरक सहज पडतो. 20 मीटर कमी धावलं की घड्याळ चार सेकंदांनी खोटं बोलतं. मुलगा घरी 5:08 बघून खूश आणि मैदानावर 5:12. दोन गुण गेले.

मुली धावतील अशी वाट

नदीकाठच्या वाटेचा जो गुण, तोच तिचा दोष. एका बाजूला पाणी असल्याने बाहेर पडायला एकच बाजू उरते. पहाटे पाचच्या अंधारात एकट्या मुलीसाठी हा मोठा प्रश्न आहे. भंडारा पूर्वेकडे असल्याने इथे मुंबईपेक्षा साधारण अर्धा तास आधी उजाडतं, जूनमध्ये साडेपाचच्या सुमारास सूर्य वर येतो. पण जानेवारीत पावणेसातपर्यंत उजेड नीट नसतो आणि वर धुकं.

म्हणून दर दोन-तीनशे मीटरवर वस्तीकडे जाणारी पायवाट, झुडपं कमरेच्या खाली छाटलेली आणि दिवे सलग. दिवे अर्ध्यावर बंद असतील तर उजेडातून अंधारात शिरताना डोळ्यांना काहीच दिसत नाही, त्यापेक्षा पूर्ण अंधार बरा.

सगळीकडे धावपट्टी करायचीही गरज नाही. पवनीचे जुने घाट आहेत, अंभोऱ्याला 2024 मध्ये सुरू झालेला केबलच्या आधाराचा पूल आणि त्यावरची प्रेक्षक गॅलरी आहे. ती बघण्याची, फिरण्याची ठिकाणं. रविवारी अंभोऱ्याच्या गर्दीत वेळ लावून धावणाऱ्याचा आणि फोटो काढणाऱ्याचा दोघांचाही विचका होतो.

आणि वास?

नदीकाठ सुंदर म्हणताना नाक विसरता येत नाही. नागपूरचं सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानला मिळते आणि कन्हान अंभोऱ्याजवळ वैनगंगेला. धरणामुळे पाणी संथ झालं, त्यामुळे घाण वाहून न जाता साचते आणि जलपर्णी फोफावते. भंडाऱ्याच्या पिण्याच्या पाण्याची तक्रार त्यातूनच जुनी आहे. वेगात धावणारा माणूस बसलेल्यापेक्षा कितीतरी पट हवा आत ओढतो. काठावर दुर्गंधी आणि डासांचे थवे असतील तर कितीही छान वाट करा, लोक महामार्गाकडेच वळतील. हा प्रश्न वाटेच्या बजेटमध्ये सुटणारा नाही. तो नागपूरच्या सांडपाणी प्रक्रियेत सुटेल.

तोपर्यंत धावायचं कसं?

रस्त्यावरच धावावं लागत असेल तर उजव्या कडेने, समोरून येणारी वाहनं दिसतील अशी. गटाने धावताना शेजारी-शेजारी नको, एकामागे एक. फिकट रंगाचा शर्ट, जमल्यास चमकणारी पट्टी. कानात इयरफोन नकोतच. महामार्ग सोडून गावरस्ता, नहराचा काठ किंवा पाळ निवडा. धानाच्या बांध्यांलगत पहाटे धावताना टॉर्च ठेवा, घोणस पाय वाजला म्हणून बाजूला होतेच असं नाही. वेळ लावून सराव आठवड्यातून एक-दोनदाच मोजलेल्या अंतरावर करावा, बाकीचे दिवस सावकाश धावणं पुरतं. मे महिन्यात सूर्य वर आला की थांबायचं.

आणि जुलै ते सप्टेंबरमध्ये वैनगंगेच्या काठाला उतरण्याआधी कारध्याची पातळी आणि वरच्या धरणांचा विसर्ग मोबाइलवर पाहून घ्या. जिल्हा प्रशासन पावसाळ्यात ही माहिती देत असतं. आकडा 245 च्या पुढे गेलेला दिसला तर त्या दिवशी पाळ.